तिकीट समोरच असतंय : पोरांची डिटेक्टिव्ह गोष्ट आतनं कशी चालते

पोरांच्या डिटेक्टिव्ह गोष्टींना आपल्याकडं फार हलक्यात घेतात. पोरगं कोपऱ्यात बसून रहस्यकथा वाचायला लागलं की घरातलं कुणीतरी म्हणतंयच, अभ्यास सोडून काय चोर-पोलीस लावलंय. पण लिहायच्या बाजूनं बघितलं तर हा प्रकार भयंकर अवघड आहे, कारण बाकीच्या गोष्टीत लेखक थोडा गडबडला तर चालून जातंय, इथं मात्र दहा वर्षांचं पोरगं तुम्हाला पकडतंय, "पण त्यांनी तर म्हटलं होतं की दार बंद होतं, मग मांजर आत आलं कुठनं?" आणि मग बोला काय बोलायचं ते.

तर ही गोष्ट आतनं कशी बांधलेली असते ते जरा उलगडून बघूया.

पहिला पॉइंट असा की डिटेक्टिव्ह गोष्टीत एक नाही, दोन गोष्टी असतात. एक, जे खरंच घडलं ते : कोण आलं, काय उचललं, कुठं ठेवलं. ती गोष्ट पुस्तक सुरू व्हायच्या आधीच घडून गेलेली असते नाहीतर पडद्यामागं घडत असते, आपल्याला दिसत नाही. दुसरी, शोधाची गोष्ट, जी आपण पानोपानी वाचतो. त्झ्वेतान तोदोरोव नावाच्या अभ्यासकानं १९६६ मध्ये हे नीट मांडून ठेवलं, पण लेखक लोक ते त्याच्या कितीतरी आधीपासनं करत होते, कारण त्याशिवाय इलाजच नाही. दडलेली गोष्ट आधी पक्की केल्याशिवाय शोधाची गोष्ट लिहिताच येत नाही. म्हणून रहस्यकथा लिहिणारा बहुतेक वेळा शेवटाकडनं सुरू करतो आणि उलटं मागं येतो. वहीत डाव्या बाजूला "खरं काय झालं" आणि उजव्या बाजूला "पोरांना कधी कळलं", अशा दोन कॉलम पाडून लिहिणारे लोक आहेत आणि ते शहाणे आहेत.

नुसतं असं सांगून कळणार नाही, म्हणून एक गोष्ट इथंच बनवूया. पूर्ण काल्पनिक, गाव आपल्या बाजूचं. बेळगावजवळच्या उचगावच्या पुढं, बाचीच्या आसपास, म्हणजे कर्नाटकातलं गाव पण चार पावलं टाकली की शिनोळी आणि शिनोळी म्हणजे महाराष्ट्र, चंदगड तालुका. गावात मराठी शाळा. शाळेला गाण्याच्या स्पर्धेत एक चांदीचा मुलामा दिलेली ढाल मिळालेली आहे, ती हेडसरांच्या ऑफिसात ठेवलीय आणि गॅदरिंगला दोन दिवस असताना ती गायब होते. ऑफिसची चावी शिपाई मामांकडं, आणि एक जादा चावी स्टाफरूममधल्या कॅलेंडरमागच्या खिळ्याला. शेवटचं कुलूप मामांनी लावलेलं, त्यामुळं सगळं त्यांच्यावर येतं. मामा पोरांचे लाडके. म्हणून पोरं कामाला लागतात.

इथं थांबून एक गोष्ट बघा. चोरी किती मोठी यावर पोरांच्या गोष्टीतलं टेन्शन ठरत नाही. मोठ्यांच्या रहस्यकथेत पहिल्या पानावर मुडदा लागतो, पोरांच्या गोष्टीत तो नसला तरी काही बिघडत नाही, पण कुणावर तरी खोटा आळ यायला पाहिजे. लहान पोराला अन्याय फार लवकर कळतो कारण तो रोज त्याच्यावर होत असतो, भावानं बशी फोडली आणि बोलणी ह्यानं खाल्ली. त्यामुळं मामांची नोकरी जाणार म्हटलं की वाचणारं पोरगं लगेच बाजू घेऊन बसतं आणि मग तुम्ही त्याला दीडशे पानं कुठंही न्या.

आता संशयित. एक, भंगारवाला, जो त्या दिवशी शाळेजवळ दिसला होता. दोन, शाळेच्या खिडक्यांना हिरवा ऑइल पेंट मारायला शिनोळीहून आलेला पेंटर आणि त्याला मदत करणारी त्याची बायको. तीन, शिपाई मामा. आणि गाण्याच्या टीचर, ज्या बेळगावात टिळकवाडीला राहतात, रोज स्कूटीनं येतात आणि त्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून दुपारीच गेल्या होत्या. संध्याकाळी गेटपाशी स्कूटी नव्हती हे सगळ्यांनी बघितलेलं. त्या वेळी बाकीच्या सगळ्या टीचर आणि पोरी मागच्या ग्राउंडवर लेझीमच्या प्रॅक्टिसला.

आणि क्लू. गोष्टीतला विन्या हा पोरगा बसची तिकिटं जमवतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसच्या खिडकीच्या चौकटीला चिकटलेलं एक तिकीट त्याला मिळतं, तो ते सोडवून कंपासमध्ये टाकतो. सुमी त्याच्या कंपासमध्ये डोकावते.

"काय काय भरून ठेवलायस गा ह्यात?"

"गोट्या हायत, रिफिल हाय, कालचं बेळगाव बसचं तिकीट हाय, पण त्याच्यावर पैसेच न्हाईत, शून्य छापलंय, आणि हे बघ, चिकटलेलं चॉकलेट."

"शी! ते चॉकलेट टाक आधी!"

झालं. क्लू वाचकाच्या हातात देऊन झाला. आणि वाचक चॉकलेटवर हसून पुढं गेला. हे सगळ्यात जुनं आणि सगळ्यात कामाचं तंत्र आहे : क्लू यादीच्या मधोमध ठेवायचा आणि लगेच त्याच्यामागं काहीतरी गमतीचं किंवा किळसवाणं आणायचं. लपवायचं काहीच नाही, फक्त नजर दुसरीकडं वळवायची.

त्या शून्यात काय आहे ते आपल्या भागातल्या माणसाला सांगायला नको, पण पुण्याकडचे कुणी वाचत असतील तर सांगतो. ११ जून २०२३ पासनं कर्नाटकात शक्ती योजना आहे, राज्यातल्या बायकांना आणि मुलींना सरकारी साध्या बसमधनं फुकट प्रवास, पण कंडक्टर तिकीट देतोच, शून्य रुपयाचं. आणि ते कर्नाटकचा पत्ता असलेल्यांनाच. म्हणजे बेळगावहून सुटलेल्या बसमध्ये एकाच सीटवर दोघी बसल्यात, एक बाचीची आणि एक शिनोळीची, तर एकीला शून्याचं तिकीट आणि दुसरीला पैसे. (शिनोळीची बाई एसटीत बसली तर तिथं तिला अर्धं तिकीट, ती महाराष्ट्राची योजना, मार्च २०२३ ची.) आता परत संशयितांकडं बघा. तिकीट शून्याचं म्हणजे भंगारवाला गेला, मामा गेले, पेंटर गेला. गावातले लोक म्हणतात, "मग पेंटरची बायकोच की!" पण ती शिनोळीची, तिला शून्य मिळणारच नाही. ज्या तिकिटामुळं तिच्यावर संशय आला त्याच तिकिटानं ती सुटते. असा एक क्लू दोन्हीकडनं वाचता आला की गोष्टीला मजा येते.

तिकिटाच्या पाठीला हिरवा रंग लागलेला आहे. म्हणजे चौकट ओली असताना ते तिथं पडलं. पेंटरनं हात धुतले पाचला, आणि रंग रात्रीत वाळला. मशीनच्या तिकिटावर वेळ छापलेली असतेच, पाच वाजून वीस मिनिटं. म्हणजे त्या संध्याकाळी बेळगावहून बसनं आलेली, कर्नाटकात राहणारी, आणि कॅलेंडरमागची चावी माहीत असलेली बाई. राहिलं कोण?

पण टीचर तर स्कूटीनं येतात! स्कूटी नव्हती म्हणजे टीचर नव्हत्या, असं पोरांनी धरलं, गावानं धरलं आणि आपणही धरलं. लेखकानं हे कुठंच म्हटलेलं नाही हं, त्यानं फक्त म्हटलं की गेटपाशी स्कूटी नव्हती. पुढचं आपलं आपण जोडून घेतलं. रहस्यकथेत वाचकाला लेखक फसवत नाही, वाचक स्वतःच घाईत चुकीचा निष्कर्ष काढून मोकळा होतो आणि लेखक गप्प बसतो. शेरलॉक होम्सची एक प्रसिद्ध कथा आहे १८९२ ची, शर्यतीचा घोडा चोरीला जातो ती, त्यात रात्री कुत्रं भुंकलं नाही हाच क्लू असतो, म्हणजे येणारा माणूस कुत्र्याच्या ओळखीचा होता. जे घडलं नाही त्याकडं कोण बघतंय?

टीचरनी ढाल का नेली? ढालीवर गाणाऱ्या पोरीचं नाव चुकीचं कोरलं गेलं होतं, आणि यादी टीचरनीच लिहून दिली होती. गॅदरिंगच्या आधी गुपचूप बेळगावात नेऊन दुरुस्त करून आणायची, कुणाला कळायच्या आत परत ठेवायची, एवढाच बेत. मग मामांवर आळ आला आणि टीचरची बोलायची हिंमत होईना. मला पोरांच्या गोष्टीत असलाच गुन्हेगार आवडतो. काळा चष्मा लावलेला, जीपमधनं फिरणारा स्मगलर लिहायला सोपा, पण त्याच्याबद्दल पोराला काहीच वाटत नाही. चांगली माणसं लाजेपोटी गप्प बसतात आणि त्याचा त्रास तिसऱ्यालाच होतो, हे पोरांनी घरात बघितलेलं असतं.

आता भंगारवाल्याबद्दल. वाचकाला चुकीच्या वाटेला लावायला जो संशयित ठेवतात तो गोष्टीत लागतोच, त्याशिवाय रंगत नाही. आणि गावात काही हरवलं की पहिलं बोट भंगारवाल्याकडं, फिरस्त्याकडं, परप्रांतातनं आलेल्या कामगाराकडं जातं, हेही खरंच आहे, त्यामुळं गोष्टीतल्या गावानंही तसंच करावं. पण शेवटी तोच खरंच चोर निघाला तर ती गोष्ट मला वाईट वाटते, लिहिण्याच्या दृष्टीनंही आणि माणूस म्हणूनही. पहिल्या पानावर ज्याच्यावर संशय आला तोच शेवटच्या पानावर सापडला तर मधली दीडशे पानं कशाला छापली? सीमेवरच्या गोष्टीत तर जास्त सांभाळायला लागतं. "तिकडचा" चोर आणि "इकडचे" हुशार, हे फार पटकन लिहून होतं.

आता थोडा इतिहास. आधुनिक डिटेक्टिव्ह कथेची सुरुवात एडगर ॲलन पोच्या १८४१ च्या कथेपासनं धरतात, म्हणजे आपल्या बेळगावचं सार्वजनिक वाचनालय निघालं १८४८ ला, त्याच्या जेमतेम सात वर्षं आधी. पोरांनी स्वतः शोध लावायच्या गोष्टी मात्र जोरात आल्या त्या विसाव्या शतकात. १९२९ मध्ये जर्मनीत एरिश केस्टनरनं एमिल नावाच्या पोराची गोष्ट लिहिली. ती जमली तर प्रत्येकानं वाचावी, कारण त्यात एक क्लू आहे तो मी आजपर्यंत विसरू शकलो नाही. एमिल एकटाच ट्रेननं बर्लिनला निघालाय, आईनं कष्टानं साठवलेले १४० मार्क कोटाच्या आतल्या खिशात, आणि हरवू नयेत म्हणून त्यानं नोटा टाचणीनं अस्तराला टोचून ठेवल्यात. डब्यात झोप लागते, पैसे जातात. पुढं बर्लिनमधली पोरं मिळून चोराला घेरतात, पण नोटा एमिलच्याच हे सिद्ध कसं करायचं? टाचणीची भोकं! नोटांना टाचणीची बारीक भोकं असतात. आणि टाचणीचं आपल्याला लेखकानं सुरुवातीलाच सांगितलेलं असतं, एक घाबरट पोरगा पैसे जपतोय म्हणून, क्लू म्हणून नाही.

त्याच सुमारास अमेरिकेत हार्डी बॉइज १९२७ ला आणि नॅन्सी ड्रू १९३० ला आली, ती पुस्तकं एक कंपनी वेगवेगळ्या लेखकांकडनं, एकेका मालिकेला एकच खोटं नाव लावून लिहून घ्यायची, म्हणजे नॅन्सी ड्रूवर छापलेली कॅरोलिन कीन अशी बाई कधी नव्हतीच. तेही एक रहस्यच. एनिड ब्लायटनची पाच जणांची टोळी १९४२ पासनं. बंगालीत सत्यजित राय यांनी १९६५ मध्ये 'संदेश' मासिकात फेलूदा नावाचा डिटेक्टिव्ह आणला. आणि मराठीत भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, फुरसुंगीचा बनेश फेणे, सायकलवरनं सुसाट सुटणारा आणि 'ट्टॉक्' करणारा. फेणे डोकं चालवून कोडं सोडवत बसणाऱ्यातला कमी आणि स्वतःहून भानगडीत जाऊन पडणाऱ्यातला जास्त, म्हणून तो पोरांना जवळचा वाटतो.

फेलूदाच्या गोष्टी कोण सांगतो ते बघा : तोपशे, त्याचा धाकटा चुलतभाऊ. होम्सच्या गोष्टी वॉटसन सांगतो. गोष्ट सांगणारा माणूस डिटेक्टिव्हपेक्षा थोडा कमी हुशार ठेवतात, कारण डिटेक्टिव्हनंच गोष्ट सांगितली तर त्याला जे कळलं ते आपल्यापासनं लपवायला लागणार आणि ती फसवणूक होते. तोपशेला जे दिसतं ते सगळं तो सांगतो, त्याला अर्थ कळत नाही एवढंच. आपल्या गोष्टीत हे काम विन्याचं. त्यानं तिकीट बघितलं, शून्य वाचलं, सांगितलंसुद्धा, पण त्याच्या डोक्यात फक्त त्याचं कलेक्शन. अर्थ लावला सुमीनं, कारण ती स्वतः रोज शून्याच्या तिकिटावर फिरते आणि विन्या पैसे मोजून.

नियमांचंही सांगायला पाहिजे. १९२९ मध्येच रोनाल्ड नॉक्स नावाच्या इंग्रज पाद्र्यानं, तो स्वतः रहस्यकथा लिहायचा, दहा नियम लिहिले. सगळे आज चालत नाहीत, पण तीन अजून पक्के आहेत : गुन्हेगार गोष्टीत लवकर भेटलेला पाहिजे, भूतखेत-चमत्कारानं कोडं सुटता कामा नये, आणि डिटेक्टिव्हला मिळालेला क्लू वाचकालाही मिळाला पाहिजे. शेवटच्या पानावर एकदम "तो त्याचा जुळा भाऊ होता" म्हटलं की पोरं पुस्तक फेकतात, बरोबरच आहे.

भुताचं मात्र थोडं वेगळं. आपल्याकडं भूत आणल्याशिवाय पोरं ऐकायला बसत नाहीत. समजा राजहंसगडावर रात्री दिवा हलताना दिसतोय अशी गोष्ट सुरू केली, तर अर्ध्या पुस्तकापर्यंत खुशाल भीती घाला, आजीला गडाच्या गोष्टी सांगू द्या, पण शेवटी दिवा धरणारा हात माणसाचाच निघाला पाहिजे. खरंच भूत असलं तर ती भयकथा, तिचं गणित निराळं.

एक अडचण जुन्या लेखकांना नव्हती, ती म्हणजे मोबाईल. पूर्वी पोरं गुहेत अडकली की अडकली, आता एक फोन लावला की आई-बाबा हजर आणि गोष्ट खलास. मोठी माणसं बाजूला काढणं हे पोरांच्या रहस्यकथेतलं निम्मं काम असतंय, म्हणून तर सुट्टी, आजोळ, बोर्डिंग हे सगळं परत परत येतं. मोबाईलवर आपल्या जिल्ह्यात उत्तर सोपं आहे, गोष्ट खानापूर तालुक्यात कणकुंबीकडं न्या, जुलैच्या पावसात ठेवा, लाईट गेली की रेंज गेलीच म्हणून समजा आणि हे वाचकाला पटवून द्यायला लागत नाही. सीसीटीव्हीला मी घाबरत नाही. कॅमेऱ्यात कोण आलं ते दिसतं, कशासाठी आलं ते थोडंच दिसतंय? उलट टीचर शाळेत शिरताना कॅमेऱ्यात दिसल्या तर कुणाला काहीच वाटणार नाही, टीचर शाळेत येणारच.

वेग कसा वाढवायचा तेही ह्याच तिकिटात आहे. मशीनच्या तिकिटाचा कागद उष्णतेनं छपाई होणारा असतो, शाई नसतेच, त्यामुळं उन्हात, खिशातल्या घामात ती अक्षरं फिकी होत जातात. विन्याच्या कंपासमध्ये ते तिकीट दोन दिवस उन्हात, खिडकीपाशी पडून आहे. सुमीला अर्थ कळतो तेव्हा शून्य अजून वाचता येतंय, तारीख वाचता येतेय, पण वेळ अर्धी उडालीय, पाचच्या पुढचं दिसत नाही. आणि मामांना हेडसरांनी उद्या सकाळी बोलावलंय. बघा, पाठलाग नाही, पिस्तूल नाही, एक कागद पांढरा होत चाललाय आणि पान उलटायला हात शिवशिवतोय.

शेवटाचा उलगडा कसा करायचा यावर लेखकांचं एकमत नाही. मोठ्यांच्या गोष्टीत सगळ्यांना हॉलमध्ये गोळा करून डिटेक्टिव्ह भाषण ठोकतो. इथं भर वर्गात पोरांनी टीचरना उघडं पाडलं तर ते मला तरी बघवणार नाही. विन्यानं आणि सुमीनं, दोघांनीच, तिकीट घेऊन टीचरकडं जावं, तिकीट टेबलावर ठेवावं आणि "टीचर, हे तुमचं पडलं होतं" एवढंच म्हणावं. पुढचं टीचरच हेडसरांना आणि मामांना सांगतील. मामांनी ऐकून लगेच माफ करावं का नाही, हे मात्र लेखकानं घाई न करता ठरवावं, माझ्या मते तरी मामा एक-दोन दिवस टीचरशी बोलणार नाहीत.

लिहून झालं की हे कुणा मोठ्याला दाखवू नका, आठ-दहा वर्षांच्या पोराला द्या, आणि वाचताना पेन्सिलीनं एवढंच लिहायला सांगा की कुठल्या पानावर कुणाचा संशय आला. पान पाचवरच टीचरचं नाव आलं तर रजेचं वाक्य फार ठळक झालंय, ते हलकं करा. शेवट वाचून पोरगं म्हणालं, "हे कुठं सांगितलं होतं?" तर क्लू कमी पडला, तिकीट अजून एकदा दाखवायला पाहिजे. आणि ते काही न बोलता परत मागं पानं उलटत कंपासच्या सीनपर्यंत गेलं, तर तेवढं तसंच राहू द्या आणि पुढची गोष्ट सुरू करा.